चावा तपासताना

डर्बीत, नदीकाठच्या जुन्या गिरणीत, टायरच्या दुकानावर
मी परक्या माणसांचे दात करते.
अकरा वर्षं झाली.
मेणाच्या हिरडीत एकेक दात बसवायचा,
पुढचे सहा किंचित वाकडे ठेवायचे, म्हणजे खरे वाटतात.
हे मला कॉलिननं शिकवलं.
सांगायलाच हवं. चांगलं शिकवलं.

तो मागून यायचा. खांद्यावरून वाकून
"बघू," म्हणायचा, आणि हात
कामावर नाही, माझ्यावर ठेवायचा.
बेसिनपाशी, भट्टीपाशी,
जिथं एकालाच जेमतेम उभं राहता येतं तिथं दोघं.
मी हसायचे.
हसणं आणि दात विचकणं यातला फरक
दात करणाऱ्यांना तरी कळावा, नाही का?

तक्रार तीन पानी झाली.
आधी मराठीत लिहिली, मग इंग्रजीत,
इंग्रजीत ती निम्मीच उरली.
"अंगचटीला येणं" याला मला शब्द सापडेना.
मी लिहिलं: फार जवळ उभा राहतो.

एचआरची फिलिपा नॉटिंगहॅमहून आली,
सोबत बिस्किटं, टिश्यूचा खोका.
फार मायेनं ऐकलं. मान डोलावत टाइप केलं.
पंधरा दिवसांनी इतिवृत्त आलं,
माझ्या नावातलं एक अक्षर पडलेलं, दुधाच्या दातासारखं.
मुद्दा चौथा:
प्रसंगी तक्रारदार हसत होत्या, हे त्यांना मान्य आहे.
मुद्दा सातवा: सांस्कृतिक गैरसमजाची शक्यता.
शेवटी, पुरावा अपुरा.
दोन्ही बाजूंनी संयम पाळावा.

दोन्ही बाजू.
त्यातली एक वरच राहिली, खिडकीपाशी, नदी बघत.
दुसरी तळघरात प्लास्टर ओतायला गेली.
"तुमच्याच सोयीसाठी, वैजयंती."
केसांत पांढरं, पापण्यांवर पांढरं.
घरी मुलगा म्हणाला, आई, तू म्हातारी झालीस.
मी डोकं धुतलं. थोडी म्हातारी उरलेच.

मोरीननं सगळं पाहिलं होतं.
चौकशीच्या दिवशी तिला दातखीळ बसली.
नंतर पार्किंगमध्ये गाडीची काच खाली करून म्हणाली,
माझी पेन्शन चौदा महिन्यांवर आलीय गं.
"गं" ती म्हणाली नव्हती. ते मी घातलं,
नाहीतर तिला माफ करणं जमलं नसतं.

कवळी तयार झाली की चावा तपासतात.
वरच्या-खालच्या दातांमध्ये निळा कागद धरायचा,
जबडा मिटायचा. टक टक.
जो दात उंच लागतो त्यावर निळा ठिपका उमटतो.
मग तोच घासायचा.
जबड्याला कुणी दोष देत नाही.

जूनमध्ये कॉलिनची पंचवीस वर्षं भरली.
केक आला, वर साखरेची बत्तीशी.
कार्डावर सही करायला मलाही वर बोलावलं.
मी केली सही. खोटं कशाला सांगू.
पूर्ण नाव लिहिलं, सगळ्या अक्षरांनिशी.
तेवढंच.

काल रूटा खाली आली. लिथुआनियाची, जेमतेम विशीची.
साचा न्यायला आले म्हणाली. साचा तिच्या हातातच होता.
मग नळ सोडून हात धूत राहिली, कितीतरी वेळ.
म्हणाली, तो नेहमी एवढा जवळ...
आणि हसली.
ते हसू माझ्या हातचं वाटलं.

वाडग्यातलं प्लास्टर मी तसंच आळू दिलं, सगळं वाया.
वही काढली. म्हटलं, आजची तारीख घाल.
वेळ. तो कुठे उभा होता.
आधी तुझ्या भाषेत लिही.
इंग्रजीत नेताना काही सांडू द्यायचं नाही, मी बसते शेजारी.
आणि हसलीस, तेही लिही.
का हसलीस, ते त्याच ओळीत लिही.

तिनं विचारलं, याचा उपयोग होईल?
मला ठाऊक नाही.
एक दात उंच लागला तर घासतात.
दोन लागले तर जबडा मिटत नाही,
कधीकधी साचाच नव्यानं काढावा लागतो.
हेही कॉलिननंच शिकवलं.